सोलर आणि बॅटरीची कोटेशनं वाचायची कशी: गोव्यातल्या घरांसाठी

गेल्या उन्हाळ्यात आमच्या डिचोलीतल्या शेजारच्या काकांनी तीन कागद आणून दारापुढच्या बाल्कावावर ठेवले. ३ किलोवॅट सोलर आणि बॅटरी, तीन कंत्राटदार, तीन आकडे: २,९२,०००, ३,४५,००० आणि ३,९५,०००. "ह्यातलं स्वस्त कुठलं तेवढं सांग," म्हणाले. संध्याकाळ त्यात गेली, दोनदा चहा झाला, आणि शेवटी निघालं ते असं की मधलं कोटेशन सगळ्यात महाग आहे, पहिलं दिसतं तेवढं स्वस्त नाही, आणि ज्याकडे काका बघायलाही तयार नव्हते ते तिसरंच घेण्यासारखं आहे. आकडे मी इथे गोल केले आहेत, पण गणित तेच आहे. ते खाली येईल. त्याआधी कंत्राटदाराला फोन करण्यापूर्वीचं काम.

पायरी १: आधी आपली बिलं काढा

वीज खात्याची मागच्या १२ महिन्यांची बिलं काढून युनिटांची बेरीज करा. एकाच महिन्याच्या बिलावरून काही ठरवू नका. एप्रिल-मेचं बिल दाखवलंत तर कंत्राटदार ५ किलोवॅट सुचवणार आणि जुलैचं दाखवलंत तर तुम्हालाच वाटेल की सोलरची गरजच नाही.

गोव्यात १ किलोवॅट पॅनल वर्षाला साधारण १,४०० युनिट देतात, म्हणजे दिवसाला सरासरी ४ युनिटांच्या आसपास. फेब्रुवारी-मार्चमध्ये हेच ५ पर्यंत जातं, जुलैत अडीच-तीनवर येतं, आणि आषाढातल्या एखाद्या काळ्याकुट्ट दिवशी १ युनिटही मिळत नाही. वर्षाच्या युनिटांना १,४०० ने भागलं की जास्तीत जास्त किती किलोवॅट लागतील ते कळतं.

'जास्तीत जास्त' म्हणायला कारण आहे. आपल्याकडे घरगुती वीज टप्प्याटप्प्याने महाग होते: पहिली १०० युनिटं अगदी स्वस्त, मग २००, ३००, ४०० पर्यंतचे टप्पे आणि त्यापुढचा सगळ्यात महाग. सोलर आधी वरची, महाग युनिटं खातं. समजा घराचा वापर महिन्याला ३०० युनिट आहे. २ किलोवॅटमधून सरासरी २३० युनिट मिळाले तर उरली ७०, आणि ती सगळ्यात स्वस्त टप्प्यातली. तिसरा किलोवॅट घेतलात तर तो ही स्वस्त ७० युनिटंच वाचवणार, आणि वर जे उरेल ते वीज खात्याच्या जाळ्यात (ग्रिडमध्ये) जाणार. उरलेल्या युनिटांवर कमाई होईल या भरवशावर पॅनल वाढवू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

केंद्राचं अनुदानही याच दिशेने उतरतं. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत पहिल्या २ किलोवॅटला प्रत्येकी ३०,००० रुपये, तिसऱ्याला १८,०००, आणि त्यापुढे काही नाही. म्हणजे कमाल ७८,०००. चौथा किलोवॅट पूर्ण किमतीला घ्यायचा आणि त्याने वाचवायची ती स्वस्त युनिटं. दुपारभर एसी चालत असेल किंवा विजेवरची गाडी घ्यायची असेल तर गोष्ट वेगळी.

बिलं हातात आहेत तोवर त्यावरचं नावही बघा. आपल्याकडे अर्ध्याअधिक जुन्या घरांचं मीटर अजून आजोबांच्या नावावर असतं, आणि आजोबा जाऊन पंधरा वर्षं झालेली असतात. अर्ज ज्याच्या नावावर वीजजोडणी आहे त्याच्या नावाने होतो आणि अनुदान त्याच्याच बँक खात्यात येतं. घर सामाईक असेल, जमीनमालकाच्या जागेतलं, मुंडकाराचं असेल, भावंडं मुंबईत किंवा पोर्तुगालात असतील, तर नाव बदलायला वेळ लागतो. हे आधी उरका. कोटेशनची मुदत सहसा १५ ते ३० दिवस असते. कागदपत्रांच्या मागे धावण्यात ती सहज संपते. बिलावर मंजूर भारही लिहिलेला असतो. तो टिपून ठेवा, कंत्राटदार विचारणारच.

पायरी २: बॅटरी कशासाठी, ते स्वतःला विचारा

ज्यांनी बॅटरीशिवाय सोलर लावलं त्यांच्यातल्या कितीतरी जणांना पहिल्या वादळाच्या रात्री नाही, तर दुसऱ्या दिवशी सकाळी धक्का बसतो. लख्ख ऊन पडलेलं, छपरावर ३ किलोवॅटचे पॅनल, आणि घरात पंखा बंद. साधा ऑन-ग्रिड इन्व्हर्टर, म्हणजे पॅनलची वीज घरात वापरण्याजोगी करून जाळ्याला जोडणारा डबा, बाहेरची लाईन गेली की स्वतःहून बंद होतो. ती खोट नव्हे, सुरक्षेची तरतूद आहे: खांबावर चढलेल्या लाईनमनच्या तारेत तुमच्या छपरावरून वीज जाऊ नये म्हणून. मे २०२१ च्या तौक्ते वादळानंतर गोव्यात बऱ्याच ठिकाणी दिवसच्या दिवस वीज नव्हती, तेव्हा असे पॅनल नुसते ऊन खात पडून होते.

म्हणून बॅटरी घ्यायची तर ती अंधार टाळण्यासाठी, बिल कमी करण्यासाठी नव्हे. नेट मीटर (घेतलेली आणि दिलेली वीज दोन्ही मोजणारा) असताना दिवसा जादा झालेली वीज जाळ्यात जाते आणि रात्री तेवढीच वजा होते. ही सोय फुकट असताना लाखभराची बॅटरी बिलातून वसूल होईल असा तक्ता कोणी दाखवला, तर तो तक्ता बाजूला ठेवा. बॅटरीवर केंद्राचं अनुदानही नाही.

तेव्हा महिनाभर एक वही ठेवा: लाईट कधी गेली, किती वेळ गेली. पर्वरीत किंवा पणजीत एखादा-दीड तास जात असेल तर घरातला आहे तो छोटा इन्व्हर्टर पुरेसा आहे. सोलर साधं ऑन-ग्रिड घ्या आणि ४ लाखांचं काम २ लाखांत उरका. सत्तरीत, काणकोणात, आडवाटेच्या वाड्यावर फांदी पडली की रात्र अंधारात जाते, तिथे बॅटरीला अर्थ आहे. घरात ऑक्सिजनचं यंत्र असेल, इन्शुलिन फ्रीजमध्ये असेल, कोणी घरून काम करत असेल, तर पैशांचा हिशेब आपोआप मागे पडतो.

मग वीज गेल्यावर नेमकं काय चालायला हवं ते लिहा. एक फ्रीज, चार पंखे, सहा-सात दिवे, वायफाय आणि टीव्ही मिळून ४००-५०० वॅट धरा. आठ तासांना ४ युनिट. ५ युनिटांची लिथियम बॅटरी एवढं सहज भागवते. विहिरीचा पंप, गिझर, इस्त्री आणि एसी या यादीत घालू नका. पंप तर सुरू होताना चालू प्रवाहाच्या पाच-सहा पट ओढतो, आणि तेवढ्यासाठी कंत्राटदार तुम्हाला मोठा इन्व्हर्टर विकेल. टाकी संध्याकाळी भरून ठेवली की काम झालं.

पायरी ३: छप्पर न बघता दिलेलं कोटेशन परत करा

व्हॉट्सअ‍ॅपवर छपराचा फोटो मागवून अर्ध्या तासात पीडीएफ पाठवणारे आहेत. त्यांचा आकडा कच्चा अंदाज म्हणून ठीक आहे. खरं कोटेशन हवं तर माणूस शिडीवर चढला पाहिजे. १ किलोवॅटला साधारण १०० चौरस फूट सावली नसलेली जागा लागते, आणि 'सावली नसलेली' हे गोव्यात बोलायला सोपं आहे.

मे महिन्यात दुपारी आलेल्या माणसाला सावली दिसतच नाही, कारण मेच्या सुरुवातीपासून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्या-दोन आठवड्यांपर्यंत दुपारचा सूर्य आपल्या डोक्यावर, किंचित उत्तरेकडेच असतो. डिसेंबरात तो दक्षिणेला झुकून ५१ अंशांवर येतो. तेव्हा छपराच्या दक्षिणेला असलेला, स्लॅबपेक्षा ११ मीटर उंच माड भर दुपारी सुमारे ९ मीटर लांब सावली टाकतो. एका ओळीत जोडलेल्या पॅनलपैकी एकावर पडलेली सावली ओळीचं उत्पादन ओढून खाली आणते. तेव्हा विचारा: "डिसेंबरात सकाळी नऊ ते तीन सावली कुठे पडेल?" ज्याच्याकडे उत्तर आहे, निदान फोनवरचं सूर्यमार्गाचं अ‍ॅप उघडून जो बघतो, त्याच्याशी पुढे बोला. माड तोडायचा नसेल तर पॅनल सरकवता येतात, किंवा प्रत्येक पॅनलला ऑप्टिमायझर अथवा मायक्रो-इन्व्हर्टर लावता येतो, म्हणजे एकावरच्या सावलीचा फटका बाकीच्यांना बसत नाही. त्याचा खर्च कोटेशनमध्ये वेगळा दाखवायला सांगा. आणि माड पॅनलच्या अंगावरच असेल तर नारळाचंही काय ते बघून घ्या. माडावर चढणारा पाडेली महिन्यातून एकदा येतो, नारळ वाट बघत नाही.

कौलारू घराबद्दल मी जरा जुन्या विचाराचा आहे. मंगळुरी कौलांखाली वाशांना हूक बांधून पॅनल लावता येतात, पण ऐंशी वर्षांचे वासे, वाळवी, आणि वर पावसात गळती शोधायला चढणारा माणूस, हे सगळं धरलं तर मागची न्हाणी, गोठा किंवा गॅरेज यांच्यावरचा स्लॅब बरा. अंगणात ऊन असेल तर जमिनीवरच खांब रोवलेले त्याहून बरे. स्लॅबवर गळतीसाठी पत्र्याची शेड घातली असेल तर त्या शेडच्या पाइपवर पॅनल चढवण्याआधी ते पाइप किती जाड आणि खाली कशात रोवलेत ते तपासून घ्या. बहुतेक शेडी फक्त पत्रा पेलण्यासाठी बांधलेल्या असतात.

पायरी ४: सगळ्यांना एकच कागद द्या

कोटेशनं जुळत नाहीत, कारण प्रत्येक कंत्राटदार स्वतःच्या सोयीचं लिहितो. एक 'प्रीमियम पॅनल' म्हणतो, दुसरा '५ केव्ही बॅटरी', तिसरा नुसता आकडा. उपाय साधा: मराठीत, इंग्रजीत, जमेल त्या भाषेत एक पान लिहून तिघांनाही तेच द्या आणि उत्तरं त्याच क्रमाने मागा. त्यात हे असू द्या: पॅनलची कंपनी, मॉडेल, वॅट आणि संख्या, इन्व्हर्टरची कंपनी, मॉडेल, प्रकार, बॅटरीचं रसायन, प्रत्यक्ष वापरता येणारी युनिटं, एका वेळी देऊ शकणारे वॅट, स्ट्रक्चरचा (पॅनल धरणाऱ्या सांगाड्याचा) धातू, गॅल्व्हनायझिंगची (त्यावरच्या जस्ताच्या थराची) जाडी, नट-बोल्टचा दर्जा, तारांची जाडी आणि लांबी, अर्थिंगचे खड्डे किती, नेट मीटरचं काम आणि शुल्क कोणाकडे, जीएसटी आत की बाहेर, अनुदान वजा केलंय की नाही, वर्षाची अंदाजे युनिटं. जो हे भरून द्यायला कुरकुरतो तो पाच वर्षांनी फोन उचलेल का, हे तुमचं तुम्हीच ठरवा.

अनुदान हवं असेल तर कंत्राटदार राष्ट्रीय पोर्टलवर नोंदलेला असला पाहिजे आणि पॅनल भारतात बनलेल्या सेलचे, म्हणजे डीसीआर, असले पाहिजेत. बिनडीसीआर पॅनल स्वस्त पडतात, आणि काही कोटेशनं तिथेच खाली उतरतात. १० किलोवॅटपर्यंतच्या अर्जाला वीज खात्याकडून वेगळा तांत्रिक अभ्यास लागत नाही, असा २०२४ च्या नियमदुरुस्तीत बदल झाला आहे. त्यामुळे 'फिजिबिलिटी चार्जेस' म्हणून मोठा आकडा दिसला तर तो कशाचा ते विचारा.

पायरी ५: ओळ न ओळ वाचा

पॅनलवर लोक सगळ्यात जास्त वाद घालतात आणि तिथेच सगळ्यात कमी फरक असतो. चांगल्या चार कंपन्यांचे पॅनल उन्हात जवळपास सारखेच चालतात. मी तीनच गोष्टी बघतो. एक, आपल्या उकाड्यात पॅनल ६० अंशांपर्यंत तापतात आणि प्रत्येक अंशाला उत्पादन थोडं घटतं: जुन्या मोनो पर्क प्रकारच्या पॅनलला साधारण ०.३५ टक्के, नव्या टॉपकॉन प्रकाराला ०.३० च्या आसपास. दुसरी, समुद्रापासून चार-पाच किलोमीटरच्या आत असाल, म्हणजे मांद्रे, शिवोली, कोलवा या बाजूला, तर खाऱ्या हवेची आयईसी ६१७०१ चाचणी झालेला पॅनल. तिसरी, संख्या गुणिले वॅट. हा गुणाकार स्वतः करा. '३ किलोवॅट' लिहिलेल्या कोटेशनमध्ये ५५० वॅटचे पाचच पॅनल असतील तर ते २.७५ किलोवॅट झालं. अनुदान पॅनल आणि इन्व्हर्टर यांपैकी जी क्षमता कमी तिच्यावर मिळतं, हे लक्षात असू द्या.

इन्व्हर्टर बॅटरीसाठी असेल तर तो हायब्रिड हवा, म्हणजे पॅनल, बॅटरी आणि जाळं तिन्ही सांभाळणारा. आता साधा घेऊन 'पुढे बॅटरी जोडू' असं कोणी म्हणालं तर पुढे काय काय बदलावं लागेल ते लिहून घ्या. बहुतेक वेळा इन्व्हर्टरच बदलावा लागतो. आयपी ६५ चा, म्हणजे धूळ-पाण्यापासून संरक्षण असलेला, असला तरी पश्चिमेच्या भिंतीवर, पावसाच्या झडीत लावू देऊ नका.

आता स्ट्रक्चर. गोव्यात सोलर बिघडतं ते इथे. पॅनल २५ वर्षं टिकतील, पण त्यांना धरणारा पाइप पाच पावसाळे टिकेल का, हा प्रश्न कोटेशनमध्ये 'जीआय स्ट्रक्चर' या दोन शब्दांत गुंडाळलेला असतो. आमच्या स्वतःच्या घरी पहिल्या वेळी हेच झालं. कंत्राटदाराने बाजारातला तयार गॅल्व्हनाइज्ड पाइप आणला, छपरावर कापला, वेल्डिंग केलं आणि वर चंदेरी रंग मारला. वेल्डिंगच्या उष्णतेने जस्ताचा थर जळतो, हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं. दुसऱ्या पावसाळ्यानंतर प्रत्येक सांध्यातून गंज ओघळून भिंतीवर तांबड्या रेघा उतरल्या. डिचोलीत तांबडी धूळ नवी नाही, म्हणून वर्षभर आम्ही त्याला खाणीची धूळच समजत होतो.

लिहून घ्यायचं ते हे: आधी कापून, भोकं पाडून, मग हॉट-डिप गॅल्व्हनाइज केलेलं (वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेलं) स्ट्रक्चर, जस्ताचा थर किमान ८० मायक्रॉन, जागेवर वेल्डिंग नाही, सगळे सांधे बोल्टचे. बोल्ट स्टेनलेस ३०४ चे, आणि किनाऱ्यावर ३१६ चे. ३१६ चा फरक अख्ख्या कामात काही हजारांचा असतो, त्यावर घासाघीस करू नका. पॅनलची ॲल्युमिनियमची चौकट आणि लोखंड यांच्यामध्ये रबराची चकती असावी, नाहीतर खाऱ्या ओलाव्यात दोन धातू एकमेकांना खातात.

वाऱ्याचंही विचारा. भारतीय मानक ८७५ मध्ये पणजीचा मूळ वाऱ्याचा वेग सेकंदाला ३९ मीटर धरला आहे, म्हणजे ताशी १४० किलोमीटर. खाली बसायला, कपडे वाळत घालायला जागा राहावी म्हणून लोक स्ट्रक्चर आठ-दहा फूट उंच करून घेतात. सोय खरी, पण ते मग शीड होतं. एवढं उंच हवं असेल तर इंजिनियरच्या सहीचा कागद मागा आणि त्याचे पैसे द्या. कोन १०-१५ अंश, तोंड दक्षिणेला. त्याहून सपाट ठेवलं तर पावसाने पॅनल धुऊन निघत नाहीत आणि खालच्या कडेला शेवाळ धरतं.

पाय स्लॅबला भोकं पाडून बसवणार की वर काँक्रीटचे ठोकळे ओतून, हेही ठरवा. मी ठोकळ्यांच्या बाजूचा. भोकं पाडायचीच तर रासायनिक अँकर (भोकात चिकटणारं रसायन भरून बसवलेला बोल्ट) आणि वॉटरप्रूफिंगची लेखी जबाबदारी. गळती सुरू झाली की सोलरवाला मेस्तावर, म्हणजे गवंड्यावर, ढकलतो आणि मेस्त सोलरवाल्यावर.

अर्थिंगला कोटेशनमध्ये एक ओळ असते, आणि तीही कधीकधी नसते. तीन वेगळे खड्डे हवेत: पॅनलकडच्या डीसी बाजूला एक, इन्व्हर्टरनंतरच्या घराकडच्या एसी प्रवाहाच्या बाजूला एक, वीजरोधक सळईला एक. आपली चिऱ्याची जमीन मे महिन्यात कोरडी ठणठणीत होते, आणि मेअखेरचा गडगडाट नेमका तेव्हाच सुरू होतो. पावसाळ्यात घेतलेलं अर्थिंगचं माप छान येतं, उन्हाळ्यात तेच दुप्पट-तिप्पट होऊ शकतं. मोजणी ५ ओहमच्या आत आणि ती कोरड्या दिवसांत करून दाखवण्याची अट घाला. दोन्ही बाजूंना सर्ज प्रोटेक्टर (विजेचा अचानक आलेला लोट अडवणारे डबे) आहेत का ते बघा. इन्व्हर्टर जळण्याची किंमत या दोन डब्यांच्या कितीतरी पट आहे.

वास्कोला कोळशाच्या भुकटीत किंवा खाणपट्ट्यात राहत असाल तर छपरावर नळ आणि दोन ओळींमध्ये चालायला जागा मागून घ्या. नोव्हेंबर ते मे दर पंधरा दिवसांनी धुवावं लागतं, आणि ते सकाळी उन्हाआधी.

बॅटरीची ओळ

'५ युनिटांची बॅटरी' हे वाक्य अर्धवट आहे. १२ व्होल्ट १०० अँपियर-तासांच्या चार ट्युब्युलर (नेहमीच्या शिसं-आम्लाच्या) बॅटऱ्या कागदावर ४.८ युनिट होतात, पण त्या निम्म्याहून जास्त रिकाम्या केल्या तर आयुष्य झपाट्याने घटतं, म्हणजे हाताशी २.४. ५१.२ व्होल्ट १०० अँपियर-तासांची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी ५.१२ युनिटांची, आणि त्यातली ९० टक्के, म्हणजे ४.६, बिनधास्त वापरता येतात. दोन्हींना कोटेशनमध्ये 'अंदाजे ५' म्हटलेलं असतं.

दुसरा आकडा वॅटचा. बॅटरीत युनिटं कितीही असोत, एका वेळी ती किती देऊ शकते? काही ५ युनिटांच्या बॅटऱ्या सलग अडीच किलोवॅटपर्यंतच देतात. मग वॉरंटी: वर्षं, सायकल (भरून रिकामी होण्याचे फेरे) आणि एकूण दिलेली युनिटं यांतलं जे आधी संपेल ते, असं बारीक अक्षरात असतं. ६,००० सायकल म्हणजे रोज एक धरली तर सोळा वर्षं, पण वॉरंटी पाच वर्षांची असेल तर सहाव्या वर्षी ते सहा हजार कोणाला सांगणार? मुदत संपताना क्षमता किती टक्के उरल्याची हमी आहे, तेही लिहून मागा.

जागा तुम्हीच दाखवा. गॅस सिलिंडरच्या शेजारी नाही, देवघराच्या मागे बंद कपाटात नाही, आणि पावसात पाणी घुसणाऱ्या तळखोलीत तर नाहीच.

पायरी ६: तिन्ही आकडे एका पातळीवर आणा

आता काकांचे कागद. पहिल्याने २,९२,००० लिहिले होते, पण ७८,००० अनुदान आधीच वजा करून. अनुदान काम पूर्ण झाल्यावर ग्राहकाच्या खात्यात येतं, म्हणजे खिशातून आधी ३,७०,००० जाणार. शिवाय पॅनल पाच, २.७५ किलोवॅट. त्यावर अनुदान ६०,००० अधिक ०.७५ गुणिले १८,०००, म्हणजे ७३,५००. हातची खरी किंमत २,९६,५००. बॅटरी ट्युब्युलर, वापरायला २.४ युनिट.

दुसऱ्याचे ३,४५,०००, खाली बारीक अक्षरात 'कर अतिरिक्त, स्ट्रक्चर जागेनुसार'. २२ सप्टेंबर २०२५ पासून सोलरच्या सामानावरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला. सामान आणि बसवणं एकत्र कंत्राटात ७० टक्के सामान, ३० टक्के सेवा धरतात आणि सेवेवर १८ टक्के, म्हणून सरासरी ८.९ टक्के. हीच पूर्वी १३.८ होती, कोणी अजून तोच आकडा लावत असेल तर त्याचा तक्ता जुना आहे. बॅटरी वेगळ्या बिलावर आली तर १८ टक्के. काकांच्या कागदात सोलरचे २,१५,००० आणि बॅटरीचे १,३०,००० होते: आजच्या दराने कर १९,१३५ अधिक २३,४००. स्ट्रक्चरचे २५,००० फोनवर कळले. बेरीज ४,१२,५३५, अनुदान वजा जाता ३,३४,५३५.

तिसऱ्याचे ३,९५,००० सगळं धरून: ५४० वॅटचे सहा पॅनल, म्हणजे ३.२४ किलोवॅट, ३ किलोवॅटचा हायब्रिड इन्व्हर्टर, लिथियम बॅटरी, हॉट-डिप स्ट्रक्चर, नेट मीटरचं काम. अनुदान जाता ३,१७,०००. पहिल्यापेक्षा साडेवीस हजार जास्त, आणि त्यात अर्धा किलोवॅट पॅनल आणि जवळजवळ दुप्पट बॅटरी. दुसरा त्याच मालाला साडेसतरा हजार जास्त मागत होता, तेही कमी वाटेल अशा पद्धतीने लिहून.

तुमच्या कागदांवर आकडे वेगळे असतील, क्रमही उलटा लागेल. पण करून बघा: आधीच वजा केलेलं अनुदान आकड्यात परत घाला, कर घाला, वगळलेलं घाला, पॅनलचा गुणाकार करा, बॅटरीची वापरता येणारी युनिटं लिहा, मग खरं अनुदान वजा करा.

पायरी ७: बचतीचा तक्ता आणि वॉरंटी

रंगीत तक्त्यातला पहिला रकाना बघा: वर्षाला किती युनिटं धरलीत? ३ किलोवॅटला ४,२०० च्या आसपास ठीक. साडेपाच हजार लिहिले असतील तर त्याने गोव्याचा पावसाळा रद्द केला आहे. दुसरा बघा: युनिटचा दर. ८-९ रुपये धरले असतील तर तो तक्ता दुसऱ्या राज्यातून आलाय. आपल्या बिलावरचे टप्पे लावून स्वतः करा. स्थिर आकार सोलर लावूनही भरावाच लागतो. म्हणून गोव्यात पैसे फिटायला महाराष्ट्रापेक्षा जास्त वर्षं लागतात, हे मान्य करूनच पुढे जा.

'२५ वर्षांची वॉरंटी' उत्पादनक्षमतेची असते. पॅनल म्हणून वस्तूची वॉरंटी वेगळी, बहुधा १० ते १२ वर्षांची, आणि काच तडकली, मागचा जोडणीचा डबा जळला तर तीच कामाला येते. योजनेखाली कंत्राटदाराने पाच वर्षं देखभाल करायची असते. त्यात वर्षाला किती फेऱ्या, बिघाड कळवल्यावर किती दिवसांत माणूस येणार, हे लिहून घ्या. म्हापशातला दुकानदार काणकोणात यायला तयार आहे का, हेही.

पायरी ८: पैसे कसे द्यायचे

आगाऊ १० टक्के, सामान घरी येऊन मोजून झाल्यावर मोठा हप्ता, बसवून झाल्यावर पुढचा, आणि किमान १०-१५ टक्के नेट मीटर फिरायला लागल्यावर. बहुतेक जण ९० टक्के आधी मागतात, कारण नेट मीटरला उशीर लागला तर त्यांचे पैसे अडकतात. त्यांचीही बाजू आहे. पण शेवटचा हप्ता हातात नसेल तर नेट मीटरसाठी हेलपाटे तुम्ही मारणार. काकांनी तिसऱ्याशी १२ टक्क्यांवर तोडगा काढला, बदल्यात त्याने ३१६ चे बोल्ट त्याच किमतीत दिले.

सामान आलं की पॅनलवरचे क्रमांक कोटेशनमधल्या मॉडेलशी ताडून फोटो काढा, एकदा वर चढले की ते मागच्या बाजूला जातात. आणि इन्व्हर्टरच्या अ‍ॅपचं खातं तुमच्या फोन नंबरवर उघडून घ्या. आमचं पहिलं खातं कंत्राटदाराच्या पोराच्या नावावर होतं, तो नोकरीला दुबईला गेला, आणि आमच्या छपरावर किती युनिटं झाली हे आठ महिने फक्त त्याला दुबईत दिसत होतं.